गांगनुंगच्या ओव्हलवर ५०० मीटर

२०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला नाव प्योंगचांगचं असलं, तरी स्पीड स्केटिंग, म्हणजे बर्फावरच्या वेगाच्या शर्यती, तिथल्या डोंगरात नव्हतंच. ते होतं पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग शहरात. स्कीइंग आणि स्केटिंग दोन्ही बघायचा बेत असेल, तर मुक्काम कुठे करायचा हे तिकिटं काढण्याआधी ठरवा.

आम्ही सोलहून गेलो. डिसेंबर २०१७ मध्ये या मार्गावर सुरू झालेली केटीएक्स ही वेगवान गाडी साधारण दोन तासांत गांगनुंगला पोचवते. पण १६ फेब्रुवारीला सोल्लाल, म्हणजे कोरियन नववर्ष होतं. गणपतीत कोकणच्या गाड्यांचं जे होतं, तेच तिथे या सुट्टीत होतं. स्पर्धेच्या तिकिटाबरोबरच परतीचं तिकीटही काढून ठेवा. रात्रीची सत्रं उशिरा संपतात, आणि शेवटी धावतात त्या सगळ्यांत तगड्या खेळाडू. गाडी चुकेल म्हणून नेमकं तेव्हाच उठावं लागलं तर फार हळहळ वाटेल. शहरात फिरायला नेव्हर मॅप हे कोरियन ॲप लागलं; गुगल मॅप्स तेव्हा तिथे पायी जायचा रस्ता दाखवत नव्हता.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ५०० मीटरच सुचवेन. १०,००० मीटरची गोडी लॅपच्या वेळांचा हिशेब जमायला लागल्यावर कळते. इथे चाळीस सेकंदांच्या आत सगळं आटपतं. ट्रॅक ४०० मीटरचा आणि एका वेळी दोघीच. एक आतल्या लेनमधून निघते, दुसरी बाहेरच्या, आणि समोरच्या सरळ भागात दोघी लेन बदलतात. जोडीत कोण पुढे आहे ते सोडा, फलकावरची वेळ बघा. पदक वेळेवर ठरतं.

अंतिम रेषेसमोरच्या जागेसाठी जास्त पैसे घालू नका. शेवटच्या वळणाजवळ बसा. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढच्या वेगात, जवळजवळ बर्फावर आडवं होऊन वळणं काय असतं, ते टीव्हीवर कधीच कळलं नव्हतं. स्केटचं पातं दर पावलाला टाचेकडून सुटतं आणि परत बसतं, त्याचा टक् टक् आवाजही तिथे ऐकू येतो. हॉल बंदिस्त असला तरी बसून बसून पाय गारठतात, म्हणून जाड मोजे हवेतच.

१८ फेब्रुवारीला महिलांची ५०० मीटर होती. जपानची नाओ कोदाइरा ३६.९४ सेकंदांत आली, ऑलिंपिक विक्रम! समुद्रसपाटीजवळच्या ट्रॅकवर ३७ सेकंदांच्या आत येणारी ती पहिलीच. सॉल्ट लेक सिटी आणि कॅल्गरी उंचावर आहेत, तिथे हवा विरळ असल्याने वेळा कमी लागतात. इथे तसला फायदा नव्हता. जपानी प्रेक्षकांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि कोदाइराने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. कारण कोरियाची ली सांग-ह्वा अजून धावायची होती. २०१० आणि २०१४ ची विजेती, ३६.३६ चा विश्वविक्रम तेव्हा तिच्याच नावावर, आणि आता घरचं मैदान. ती ३७.३३ वर थांबली आणि रडू लागली. कोदाइरा तिच्यापाशी गेली, तिला जवळ घेतलं, आणि दोघी आपापले झेंडे घेऊन बरोबर फिरल्या. इतकी वर्षं एकमेकींशी झुंजलेल्या या मैत्रिणींसाठी दोन्ही देशांचे लोक उभे राहिले. मी खेळ पुष्कळ पाहिले आहेत, पण जिंकण्याच्या क्षणी दुसरीचा इतका विचार करणारी खेळाडू पाहिली नव्हती. शर्यत संपली की लगेच बाहेर पडू नका, एवढंच यासाठी सांगते.

शाकाहारी लोकांचे कोरियात हाल होतात, पण गांगनुंगला छोदांग भागात समुद्राच्या पाण्याने विरजलेला मऊ टोफू मिळतो, सुंदुबू. पांढरा, साधा मागा. लाल रश्श्यात बहुधा मासळी असते. किमचीतही माशाचा सॉस असतो, तेव्हा विचारूनच घ्या.

आणि स्केटिंगच बघायचं असेल तर चार वर्षं थांबायला नको. वर्ल्ड कपच्या फेऱ्या दर हिवाळ्यात होतात. नेदरलँड्समध्ये हेरेनफेनच्या थियाल्फ स्टेडियममध्ये फेरी असेल तर तीच गाठा, कारण या खेळाचे जाणते प्रेक्षक तिथले.