आंबा घाटात दम टाकणारी पिकअप

सपाटीवर मुकाट पळणारी पिकअप घाट लागताच का ढेपाळते, याचा हिशोब तसा साधा आहे. मालासकट तीन टन भरणारी गाडी पंधरास एक अशा चढावर ताशी ३० किलोमीटर वेगाने न्यायची म्हटले, तर नुसते तिचे वजन वर उचलण्यातच सुमारे १६ किलोवॅट, म्हणजे जवळपास २२ अश्वशक्ती खर्ची पडते आणि चाकांचा रोध त्याहून वेगळा असतो. तेवढ्याच वेगाला सपाटीवर याच्या पाव हिस्साही ताकद लागत नाही. त्यामुळे इंजिनाला हवा किंवा डिझेल अपुरे मिळत असले, तरी एरवी ते झाकून जाते आणि चालवणाऱ्याला गाडी ठणठणीत वाटत राहते.

आमच्या घरची पिकअप हंगामात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाते. पाली, नाणीज, साखरपा इथपर्यंतचे लहान चढ ती कुरकुर न करता चढत असे. आंबा घाट सुरू झाल्यावरही पहिले दोन-तीन किलोमीटर ठीक जात आणि मग पेडल तळाला टेकवले तरी इंजिन उठत नसे. तिसऱ्या गियरवरून दुसऱ्यावर आणि तिथून पहिल्यावर यावे लागे. चुलतभावाने गाडी कडेला घेऊन दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवली, की काही घडलेच नाही अशा थाटात ती पुन्हा चढू लागे.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे डिझेलचा फिल्टर बदलून झाल्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, गेल्याचे निदान झाले. मला ते पटले नाही, कारण पंख झिजलेला किंवा शाफ्ट ढिला झालेला टर्बो विश्रांती घेऊन बरा होत नाही. शिवाय टर्बो कमी दाब देत असेल, किंवा ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर पडून हवा बाहेर जात असेल, तर हवेच्या मानाने डिझेल जास्त होऊन बहुधा मागून काळा धूर निघतो. आमच्या गाडीचा सायलेन्सर घाटातही जवळजवळ स्वच्छ होता. धुराविना ताकद जाते, तेव्हा माझा पहिला संशय डिझेल कमी पोचण्यावर असतो. क्लच घसरत असता, तर इंजिनाचे फेरे वाढून वेग तेवढाच राहिला असता आणि जळका वास आला असता. येथे फेरेच पडत होते. ब्रेक धरून ठेवत असल्याची शंकाही घाटात थांबून चारही चाकांजवळ हात नेल्यावर मिटली, कारण एकही चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले नव्हते.

पुढचे काम स्कॅनरचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्राचे होते, मात्र गाडी गॅरेजात उभी असताना नव्हे. इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीत रेल प्रेशर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना जोडलेल्या सामाईक नळीतला (कॉमन रेलमधला) दाब, २५० ते ३०० बारच्या आसपास असते (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) आणि आजारी गाडीही ते सहज राखते. म्हणून पेट्या भरलेल्या गाडीत, घाट चढताना, मी शेजारी बसून संगणक मागत असलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब हे दोनच आकडे पाहत होतो. सुरुवातीला दोन्ही हातात हात घालून चालले. नंतर मागणी १२०० बारच्या वर असताना प्रत्यक्ष दाब हजाराखाली, मग आठशेच्या जवळ घसरला आणि पडद्यावर पी ००८७ हा कोड उमटला, ज्याचा अर्थ रेलमधला दाब अपुरा असा होतो.

एवढ्यावरून काही लोक थेट रेलमध्ये दाब तयार करणारा हाय-प्रेशर पंप किंवा इंजेक्टर उतरवतात आणि तो खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकतो. पंपाला मुळात डिझेल पोचते का, हे आधी पाहणे स्वस्त पडते. थांबलेल्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडले, तेव्हा सुस्कारा आला नाही. म्हणजे टाकीची हवेची वाट मोकळी होती. आमच्या इंजिनात टाकीतून डिझेल ओढून घेतले जाते, त्यामुळे लाइनला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहिला, तर त्यात बुडबुडे नव्हते. अखेर टाकी वगळून, हौद्यात घट्ट बांधलेल्या कॅनमधून डिझेल दिले आणि उरलेले डिझेल परत आणणारी नळीही त्यातच सोडली. गाडी साखरप्याहून आंबा गावापर्यंत दुसऱ्या गियरच्या खाली उतरली नाही.

टाकी रिकामी करून खाली उतरवल्यावर ओढनळीच्या टोकाची जाळी दिसली. तिच्यावर काळपट, बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर होता आणि त्यात सुती कापडाचे तंतू अडकले होते. टाकीत पाणी साचले, की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि असा गाळ तयार होतो. तंतू बहुधा कॅनमधून डिझेल ओतताना नरसाळ्यावर धरलेल्या फडक्याचे असावेत. इंजिन जोरात ओढू लागले, की हा गाळ जाळीला चिकटून बसत असे आणि इंजिन बंद झाले, की सुटून तळाशी जात असे. फिल्टर या जाळीच्या पुढे असल्याने तो नवा घालूनही फरक पडला नव्हता.

टाकी धुऊन पूर्ण कोरडी केली, जाळी बदलली आणि फिल्टर पुन्हा नवा घातला, कारण धुण्याआधीचा थोडा गाळ लाइनमध्ये उरलेला असतो. हवा काढण्यासाठी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. जुन्या इंजिनांच्या सवयीने काही जण इंजेक्टरच्या पाइपचे नट इंजिन चालू असताना ढिले करतात. कॉमन रेलमध्ये ते कदापि करू नये, कारण शेकडो बार दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते आणि त्यातून बोट किंवा हात गमावण्यापर्यंत वेळ येते.

पुढच्या खेपेला तेवढ्याच पेट्या भरून, स्कॅनर लावून तोच घाट चढलो. मागणी आणि प्रत्यक्ष दाब यांत शेवटपर्यंत किरकोळच फरक राहिला. टर्बोला हात लावला नाही. नरसाळ्यावरच्या फडक्याच्या जागी पितळी जाळी आली आणि फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा स्क्रू पावसाळ्यात दर महिन्याला उघडायचा, असे चुलतभावाने ठरवले आहे.