पणजीचं माहेर

विहीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर एक लांबरुंद कागद पसरलेला होता. आमच्या शाळेतल्या हजेरीपटासारखाच, आडव्याउभ्या रेघांचा. १८७० साली अमेरिकेत जनगणना झाली तेव्हा शेतीची नोंद वेगळ्या तक्त्यात केली होती, त्यातल्या एका पानाची ही प्रत. एका ओळीत एक शेतकरी. विहीणबाईंनी त्यांच्या आजोबांच्या आजोबांची ओळ पिवळ्या पेनानं रंगवून ठेवली होती. वहितीची जमीन ९० एकर, घोडे ४, दुभत्या गाई ५, डुकरं २२, मका १२०० बुशेल. आणि पुढच्या एका रकान्यात लोणी, ३०० पौंड.

मी विचारलं, "हे लोणी काढलं कुणी?"

त्या म्हणाल्या, "त्यांच्या बायकोनं. दुसरं कोण काढणार?"

"मग तिचं नाव कुठंय?"

त्या पानावर ते नव्हतं. आम्ही दोघींनी चष्मे पुसून पुन्हा पाहिलं. ३०० पौंड म्हणजे १३६ किलो. माझी आजी पहाटे उठून डेऱ्यात रवी घुसळायची, त्या दोरीनं तिच्या तळव्यांना पडलेले घट्टे मी हात लावून पाहिलेले आहेत. १३६ किलो लोण्याला किती पहाटा लागत असतील याचा हिशोब मला कुणी सांगायला नको. ते सगळं लोणी नवऱ्याच्या नावावर जमा होतं.

मी लातूरची. माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवून निवृत्त झाले. धाकट्या लेकीचं लग्न आयोवातल्या मुलाशी झालं, आणि तिच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने तिकडं राहिले. घरातल्या कुणाचं नाव मी इथं लिहीत नाही, पण विहीणबाईंनी जे मला शिकवलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्यांचं गाव पाहून मी पहिल्यांदा बोलले ते मातीबद्दल. काळीभोर माती, आपल्यासारखीच. मूठभर घेऊन दाबली तर गोळा होतो. बाकी सगळं वेगळं. आपल्या शेताचा बांध ओढ्याप्रमाणं वळतो, बाभळीला वळसा घालतो. तिथं जमीन आधी कागदावर चौकोनात कापली आणि मग माणसं आली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्याचे ३६ सेक्शन, एका सेक्शनमध्ये ६४० एकर, त्याचा पाव हिस्सा १६० एकर. रस्ते सुद्धा मैलामैलावर सरळ रेषेत. त्यामुळं दीडशे वर्षांपूर्वीचा कागद हातात असला तरी गाडी नेमकी त्या शेताच्या कोपऱ्यावर नेऊन उभी करता येते. विहीणबाईंनी मला तशी नेली. त्यांच्या पूर्वजानं १८५० च्या दशकात सरकारकडून सव्वा डॉलर एकरानं १६० एकर घेतले होते, म्हणजे २०० डॉलर. सनद राष्ट्राध्यक्षांच्या नावानं निघालेली, आणि तिची प्रत आता घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसते.

शेताच्या कोपऱ्यावर उभ्या असताना त्या आपणहून म्हणाल्या की त्याच्या आधी ही जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. १८३२ च्या युद्धानंतर ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. मेस्क्वाकींनी १८५७ साली टामा काउंटीत पैसे मोजून जमीन विकत घेतली आणि ते परत आले. आपल्या पूर्वजांचं कौतुक सांगताना ही गोष्ट न वगळणारी बाई मला त्या दिवशी फार आवडली.

पण माझ्या डोक्यातून लोणी जात नव्हतं. मी रोज विचारायचे, आणि त्यांनाही ते लागून राहिलं. बाळ झोपलं की आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढं. तिकडं १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव. गुलामांची नावं तेव्हाही लिहिली नाहीत, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, वर्ण असलं काही. हे वाचून आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

१८७० च्या माणसांच्या तक्त्यात ती सापडली. नाव, वय ३४, जन्म ओहायो, धंदा "घर सांभाळणे". आडनाव अर्थात नवऱ्याचं. १८९० ची जनगणना बघावी तर ती नाहीच. वॉशिंग्टनला १९२१ च्या जानेवारीत सरकारी इमारतीला आग लागली, त्या नोंदी जळाल्या-भिजल्या, आणि उरलेल्याही पुढं सरकारनंच नष्ट केल्या; जवळजवळ सगळ्या गेल्या. १९०० ला ती पुन्हा भेटली, ६४ वर्षांची. त्या वर्षी बायांना विचारलं होतं, मुलं किती झाली आणि हयात किती. दोन आकडे शेजारी शेजारी: ९ आणि ६. गावाबाहेरच्या दफनभूमीत तिचा दगडही आहे. त्यावर "अमक्याची पत्नी", आणि वय वर्षं, महिने, दिवसांसकट. माहेर कुठंच नाही.

ते मिळालं मुलाच्या कागदावर. आयोवा राज्यानं १९२५ साली स्वतःची वेगळी जनगणना केली, आणि तिच्यात प्रत्येकाला आईवडिलांची नावं विचारली. आईचं लग्नाआधीचं आडनाव सुद्धा. तिचा मुलगा, म्हणजे विहीणबाईंच्या आजोबांचे वडील, तेव्हा म्हातारे झालेले, पण त्यांनी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं आणि कारकुनानं लिहून घेतलं. ते आडनाव घेऊन आम्ही १८५० च्या ओहायोत गेलो. तिथं वडिलांच्या घरात १४ वर्षांची पोर. नावापुढच्या बऱ्याच रकान्यांत काही नाही, पण एका रकान्यात छोटी उभी रेघ. मी विहीणबाईंना विचारलं, ही रेघ कशाची? त्यांनी वर सरकवून रकान्याचं नाव वाचलं: "वर्षभरात शाळेत गेली."

मी ३३ वर्षं हजेरी घेतली आहे. ती रेघ बघून मला रडू आलं.

विहीणबाईंची एक पद्धत आहे. वंशवेलाच्या वहीत जे कागदानं सिद्ध झालं ते शाईनं, आणि जे नुसतं ऐकलं ते पेन्सिलीनं. त्या रात्री त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं रिकामं घर शाईनं भरलं, टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता तुमची."

माझी म्हणजे माझ्या वडिलांची आजी. माझी पणजी.

आमच्याकडं कागद कुठून आणायचा? लहानपणी सुगी झाली की बैल घेऊन हेळवी यायचा, ओसरीवर बसून आमच्या घराण्याचे पुरुष घडाघडा म्हणून दाखवायचा, ज्वारी घेऊन जायचा. मुली आणि सुना त्याच्या तोंडून मी कधी ऐकल्या नाहीत. घरातली कागदपत्रं लाकडी पेटीत होती आणि पेटी माळवदाच्या घरात, बळदाच्या खोलीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते माळवद खाली बसलं. आईवडील माझ्याकडं लातूरला होते म्हणून राहिले. गल्लीतली किती घरं राहिली नाहीत. त्या ढिगाऱ्यातून पुढं तांब्याचा हंडा निघाला, विळे निघाले, पेटी निघाली ती चिखलानं भरलेली. विहीणबाईंनी १९२१ च्या आगीबद्दल सांगितलं तेव्हा मी त्यांना हे सांगितलं होतं.

परत आल्यावर शोधायला लागले तर एक कागद निघाला, तोही भावकीच्या वादामुळं. चुलतभावानं फार पूर्वी जमिनीच्या केससाठी काही जुनी कागदं लातूरच्या वकिलाकडं ठेवली होती, म्हणून ती भूकंपातून सुटली. निजामाच्या काळातली, उर्दूत. माझ्यासोबत नोकरी केलेले उर्दू शाळेचे एक गुरुजी आहेत, त्यांनी भिंग घेऊन वाचलं. साल फसली १३२९. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१९. जमिनीच्या मालकाच्या जागी पणजीचं नाव, पुढं "बेवा", आणि मग पणजोबांचं नाव. बेवा म्हणजे विधवा. नवरा गेला तेव्हाच तिचं नाव कागदावर चढलं. आणि हे नावही सासरचं. आमच्याकडं लग्नात सूनमुखाच्या वेळी तांदळात लिहून नाव बदलायचे. आडनाव तर जातंच, मुलीला आईनं हाक मारलेलं नावही जातं. ओहायोच्या त्या पोरीचं स्वतःचं नाव तरी शेवटपर्यंत तिच्यापाशी राहिलं.

मग मी उमरग्याला आत्याकडं गेले. वय ८७, नजर गेलेली, पण आवाज ठणठणीत. तिनं लहानपणी माझ्या आजीसोबत जातं ओढलेलं, आणि आजीनं तिच्या सासूसोबत, म्हणजे पणजीसोबत. मी म्हटलं, "आत्या, पणजीचं माहेर कुठलं गं?" ती म्हणाली, "मला काय माहीत माय. आम्ही उंबऱ्याच्या आतलं बघितलं." मग मी तिला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या. नुसत्या म्हणता येईनात. हात फिरल्याशिवाय शब्द येत नाहीत म्हणाली. सुनेनं परड्यातलं जातं धुऊन आणलं, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी टाकली. दोघींनी खुंटा धरला आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला आत्याचा गळा सुटला.

एका ओवीत बहिणीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी येतोय, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आणि तो येतोय "गोरोबाच्या तेरहून". मी जातं थांबवलं. आमच्या घराचा तेरशी काही संबंध मी कधी ऐकला नव्हता. "ही कुणाची ओवी, आत्या?" "म्हातारीची. ती सांगायची तशी वैनी म्हणायची, वैनी म्हणायची तशी मी." म्हातारी म्हणजे पणजी. वैनी म्हणजे माझी आजी. तिला तिची लेकरं वैनीच म्हणायची.

१८९९-१९०० चा दुष्काळ पणजीनं सासरी काढला, एवढं घरात सांगितलं जायचं. ती तेव्हा पोरगीच असणार. त्याच दुष्काळासाठी १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून "क्विटो" नावाचं जहाज मका भरून मुंबईकडं निघालं होतं. विहीणबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या मका हा शब्द ऐकून गप्प झाल्या.

तेरला मी जानेवारीत जाऊन आले. गोरोबाकाकांच्या समाधीला नमस्कार केला, तेरणेच्या काठानं गल्ल्या फिरले, वयस्कर माणूस दिसला की थांबले. एका घरात एका आजीबाईंनी चहा दिला. औशाकडं दिलेली कुणी लेक जुन्या लोकांच्या बोलण्यात होती का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याची एक आत्या होती म्हणत. दुष्काळात तिला आणायला गाडी गेली, तिकडच्यांनी काही पाठवलं नाही. गाडी रिकामी आली." तिचं नाव विचारलं. त्या जरा आठवत बसल्या, मग त्यांनी दोन अक्षरी नाव सांगितलं. लाडाचं, लहान पोरीला मारायच्या हाकेसारखं.

वंशवेलाची वही मी आता घातली आहे. पणजीच्या घरात सासरचं नाव शाईनं आहे, तेर पेन्सिलीनं आहे आणि त्याखाली ती दोन अक्षरं पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा भरते. आत्याला चालवत नाही, म्हणून भाच्याला गाडी सांगून ठेवली आहे. त्या आजीबाईंच्या घरी जातं आहे, ते मी जाताना बघून घेतलं होतं.