नवी गिटार खरवडायची कशाला?

"ताई, नवी कोरी गिटार तुम्ही स्वतःच्या हाताने खरवडता, आणि वर त्याचे जास्त पैसे घेता?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात मी नव्या गिटारी मुद्दाम जुन्या, वाजवून झिजल्यासारख्या करते. तिथे आलेला माणूस चहा येईपर्यंत हा प्रश्न विचारतोच. कुरिअरवाला विचारतो. शेजारचे डायमेकर काका दर दोन महिन्यांनी नव्याने विचारतात. गिटार घ्यायला आलेल्या मुलाची आई विचारते ती माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत. सगळ्यांना तुकड्यातुकड्यात सांगून झालं, आता एकदा सलग सांगते.

सगळ्यात झोंबेल असं विचारलं ते मामांनी. मामांनी चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं. आधी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात मारायचा, मग मेलामाइन आलं, मग पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाकडाला हात कसा लावायचा हे मी त्यांच्याकडेच शिकले. माझी पहिली 'जुनी' केलेली गिटार त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मी जन्मभर लोकांचे चरे बुजवले, आणि भाची पैसे घेऊन चरे पाडते!"

मी त्यांच्या हातात आधी एक फॅक्टरीतली गिटार दिली, मग माझी. वाजवता येत नसलं तरी चालतं, नुसता अंगठा नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, पाठीवरून वरखाली फिरवायचा. फॅक्टरीच्या नेकवर चकचकीत जाड थर असतो. मे महिन्यात ठाण्यात घामट हाताला तो असा धरतो की अंगठा अडखळत सरकतो. माझ्या नेकच्या पाठीवरचं लॅकर मी घासून जवळजवळ लाकडापर्यंत आणलेलं असतं, आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या पट्टीच्या, दोन्ही कडा गोलसर केलेल्या असतात. वीस वर्षं रोज वाजवलेल्या गिटारीच्या कडा बोटांनी अशाच होतात. मामांनी अंगठा दोनदा फिरवला. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

आता दिसण्याचं. जुन्या अमेरिकन गिटारी ज्याच्यामुळे तशा दिसतात ते नायट्रोसेल्युलोज लॅकर म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या दुकानात एनसी म्हणून मिळतं त्याचंच भावंड. 1950 च्या दशकात मोटारींना हेच मारत, आणि फेंडर कंपनीने गिटारींचे कितीतरी रंग सरळ मोटारींच्या रंगांतून उचलले. हा थर पातळ असतो. तो पिवळा पडतो, म्हणून पांढरी गिटार सायीसारखी होते आणि निळीवर हिरवट झाक चढते. त्यातला लवचीकपणा जातो, थंडी-उन्हात लाकूड हलतं तसं त्याला हलता येत नाही, आणि बारीक भेगांची जाळी उमटते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने जाड पॉलिएस्टर धरलं. ते काही केल्या म्हातारं होत नाही, फक्त टवके उडतात.

झिजलेल्या गिटारींचा मानाचा नमुना म्हणजे आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाघर याची 1961 ची स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचीच इलेक्ट्रिक गिटार. त्याने ती 1963 मध्ये कॉर्क शहरात 100 पौंडांना वापरलेलीच घेतली आणि इतकी वाजवली की रंग जाऊन लाकूड उघडं पडलं. त्याचा घामच तसा होता म्हणतात. घामाचं म्हणाल तर ठाणे कॉर्कला हार जाणार नाही, पण आपल्याकडे गिटार एवढी वाजायच्या आधीच पावसाळ्यात तिच्या तारा गंजतात आणि ती कपाटावर जाते. गॅलाघरच्या गिटारीची झिजलेली प्रतिकृती पुढे फेंडरनेच विकायला काढली. त्यांच्या कस्टम शॉपची सुरुवात 1987 ची, आणि 'रेलिक' नावाने मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारी तिथून 1995 मध्ये बाजारात आल्या. पहिली काही वर्षं हे जुनं करण्याचं काम मिझुरी राज्यात व्हिन्स कुनेटो नावाचा कारागीर करत होता. हा उद्योग मी काढलेला नाही, एवढंच मामांना सांगायचं होतं.

भेगा पाडणं हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात फसवा भाग. ठाण्यात थंडी कुठली? म्हणून आइस्क्रीमवाल्याचा एक जुना डीप फ्रीझर घेतला. बॉडी रात्रभर त्यात ठेवायची, सकाळी बाहेर काढून हेअर ड्रायर धरायचा. लॅकर बरोबर असेल तर टिक्, टिक् असा आवाज येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी एकटीच गाळ्यात हसत होते. फर्निचरचं एनसी मात्र सहजी फुटत नाही, कारण ते फुटू नये म्हणूनच त्यात थर लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर घातलेला असतो. त्यापायी पहिल्या तीन बॉडी मी नुसत्याच गारठवल्या. काहीजण ब्लेडने रेघा ओढतात. त्या लगेच ओळखू येतात, फार शिस्तीत असतात.

स्क्रूंना गंज आणायला लोक बंद डब्यात ॲसिडची वाफ देतात. मीही द्यायचे. मग लक्षात आलं की जूनमध्ये स्क्रू एका ताटलीत घालून खाडीच्या बाजूच्या खिडकीत ठेवले की गणपतीपर्यंत काम होतं, आणि रंगही जास्त खरा येतो.

खरी परीक्षा कुठे झिजवायचं याची. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा कोपराखालचा हात जिथे टेकतो ती वरची कड, पाठीवर पट्ट्याचं बकल लागतं ती जागा, मेपल लाकडाच्या फिंगरबोर्डवर खालच्या फ्रेट्समधले, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांमधले, काळपट डाग. हात पोचतच नाही अशा जागी टवके पाडलेल्या गिटारी मी पाहिल्यात, महागड्यासुद्धा. त्या गिटारी जिन्यावरून पडल्यासारख्या दिसतात.

आणि हात कुठे जाईल हे बनवणाऱ्याला कळतंच असं नाही. 1951 मध्ये फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस हा खर्जातला, जाड तारांचा गिटार काढला. लोक तो अंगठ्याने वाजवतील या हिशेबाने बाकीची बोटं अडकवायला एक छोटी पट्टी तारांच्या खालच्या बाजूला बसवली. वादकांनी बोटांनी वाजवायला घेतलं, अंगठा वर टेकवला, आणि खालची पट्टी नुसतीच राहिली. ती वरच्या बाजूला न्यायला कंपनीला 1970 चं दशक उजाडलं.

राहिला फसवणुकीचा मुद्दा. डायमेकर काकांचा रोख तिकडेच असतो, आणि रास्त असतो. जुन्या फेंडरच्या नेकच्या बुडाशी, चार स्क्रू काढल्यावरच दिसेल अशी तारीख पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याने मारलेली असायची. मीही तिथेच लिहिते, पण सोल्डरिंग आयर्नने जाळून: साल, ठाणे, माझं नाव. घासूनही जाणार नाही इतकं खोल. एकाने हे नको म्हणून सांगितलं आणि वर जुन्या कंपनीचा लोगो मागितला. त्याचा ॲडव्हान्स मी परत केला. त्या महिन्यात गाळ्याचं भाडं थकलं होतं, म्हणून हे लक्षात आहे.

एक बेस मात्र मी फोटोवरून केला. कळव्याहून एक चाळिशीतले गृहस्थ आले. त्यांचे वडील ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, जहाजावरच्या कुणीतरी आणलेला जपानी बेस. 26 जुलै 2005 च्या पुरात तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, त्यात तो गेला. वडीलही नंतर गेले. उरला होता गणपतीतल्या एका कार्यक्रमाचा पोस्टकार्डाएवढा फोटो. "ताई, असाच पाहिजे," म्हणाले. भिंग घेऊन मी तो फोटो तीन दिवस बघत होते. वरच्या कडेला उडालेला रंग दिसत होता, खालच्या टोकाला मोठा टवका, एक नॉब बदललेला. अंगठ्याची जागा दिसत नव्हती, तिच्यावर हातच होता. "बाबा अंगठा कुठे टेकवायचे?" विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. आठवत नाही म्हणाले.

बाकी सगळं फोटोबरहुकूम केलं. अंगठ्यापुरतं मनाने काही करायला हात धजेना. तेवढा भाग गुळगुळीत ठेवला.

दीड वर्षाने ते फ्रेट घासून घ्यायला आले. घरी शिकवणी लावली होती, मुलीबरोबर वाजवत होते. बेसवर एक नवा मंद डाग पडायला लागला होता. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपजवळ नाही, पार पुढे, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे. तिथे वाजवलं की आवाज मऊ येतो, म्हणून त्यांचा अंगठा तिकडे जात असणार.

निघताना त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं. "हा पॉलिश करून काढता येईल का, ताई? फोटोत नाहीये हो हा."

मी म्हटलं, त्याला वेळ लागेल, पुढच्या खेपेला बघू. फ्रेटचे पैसे घेतले आणि बेस पिशवीत घालून दिला.