पास्तिन्यांच्या साल्व्हादोरमध्ये

ब्राझीलमधल्या साल्व्हादोरच्या पेलोरिन्यो चौकात कापोएरा, म्हणजे गाण्या-वाद्यांच्या तालावर खेळायची तिथली लढाईची कला, शोधावी लागत नाही, तीच तुम्हाला शोधत येते. पांढरी पँट, उघडी छाती, हवेत कोलांट्या, आणि मोबाइल वर केला रे केला की समोर टोपी हजर. पोरं तयारीची आहेत, पोटापाण्यासाठी करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला बघायची होती कापोएरा अंगोला, म्हणजे मेस्त्रे (वस्ताद) पास्तिन्या यांच्या घराण्यातली, आणि ती चौकात नव्हती.

त्यासाठी कार्मोचा चढ चढून सांतो आंतोनियोच्या रंगीत घरांमधून पार टोकाला जायचं. तिथे जुना पोर्तुगीज किल्ला आहे. मध्यंतरी तो तुरुंग होता, आता आत कापोएराच्या शाळा भरतात. ब्राझीलच्या १८९०च्या दंडसंहितेत कापोएरा खेळणं हाच गुन्हा होता, हे ठाऊक असलं की त्या जाड भिंतींच्या आत पोरांना कापोएरा शिकताना बघायला मजा येते.

रोदा, म्हणजे वर्तुळात रंगणारा खेळ, सुरू व्हायच्या बेतात होता. बाकावर वादक ओळीने बसलेले, मधोमध तीन बेरिंबाव. हे वाद्य मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. लवचिक काठी, तिला ताणून बांधलेली, जुन्या टायरमधून सोलून काढलेली तार आणि तळाशी पोकळ भोपळा. वाजवणारा तारेला दगड टेकवतो, सोडतो, भोपळ्याचं तोंड पोटाला लावतो, दूर करतो. एवढ्यावर सूर बदलत जातो. सगळ्यांत खर्जाचा गुंगा. खेळ त्याच्या हुकमात. त्याने बोलावलं की खेळणाऱ्यांनी मुकाट परत यायचं.

एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आणि विशीतला पोरगा गुंगापुढे उकिडवे बसले. आधी लांबलचक गाणं, तोवर कुणी हलायचं नाही. मग हात जमिनीला लावून दोघं सावकाश आत सरकले. पोरगा चपळ, पाय सपासप फिरत होते. म्हातारबुवा मध्येच उभे राहिले आणि एक हात वर करून थांबले. हे बोलावणं असतं, आता पोराला जवळ जाणं भाग. तो जपून गेला, तळव्याला तळवा लावला, दोघं दोन पावलं मागे, दोन पुढे चालले. वेगळे होता होता म्हाताऱ्याचं डोकं पोराच्या पोटापाशी, वीतभर अंतरावर येऊन थांबलं. धडक दिलीच नाही. पोरगा ओशाळून हसला, बाकावरचे तर खदखदून.

पास्तिन्या शिकवत ते हेच. १८८९ साली याच शहरात जन्म, वडील स्पॅनिश, आई कृष्णवर्णीय. लहानपणी गल्लीतला एक थोराड पोरगा त्यांना रोज बडवायचा. बेनेदितो नावाचे एक आफ्रिकन गृहस्थ खिडकीतून ते बघत. त्यांनी पोराला घरात बोलावून कापोएरा शिकवली. पुढे नौदलाची शाळा, रंगकाम, बूटपॉलिश, जुगाराच्या अड्ड्यावर राखणदारी. १९४१मध्ये जेंजिबिरा भागातल्या रविवारच्या रोद्याची सूत्रं आमोर्झिन्यो यांनी त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

त्या सुमारास मेस्त्रे बिंबांची जोरकस रेजिओनाल शैली शहर गाजवत होती. पास्तिन्यांनी जुनं तेच धरून ठेवलं, पण त्याला शिस्त लावली. संस्था काढली, वाद्यांचा क्रम बसवला, आवडत्या इपिरांगा फुटबॉल क्लबचे पिवळे-काळे रंग शिष्यांच्या अंगावर चढवले. मळका शर्ट चालायचा नाही, अनवाणी खेळायचं नाही. गुंडांचा खेळ म्हणून ओवाळून टाकलेल्या विद्येसाठी वस्तादाने बुटांचा आग्रह धरणं मला फार शहाणपणाचं वाटतं. १९६४मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, १९६६मध्ये सेनेगलमधल्या डाकारच्या कृष्णवर्णीय कला महोत्सवाला गेले.

आणि मग जे झालं ते वाचताना चीड येते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पेलोरिन्योतल्या इमारतींची डागडुजी निघाली आणि १९ नंबरच्या घरातली त्यांची शाळा रिकामी करायला लावली. काम झालं की परत या, असं आश्वासन होतं. ती जागा त्यांना कधीच मिळाली नाही. तिथे उपाहारगृह आलं. पास्तिन्या आंधळे झाले होते. १९८१मध्ये, ९२व्या वर्षी ते कफल्लक अवस्थेत गेले. आज त्याच चौकात पर्यटकांना कापोएराची चित्रं असलेले टी-शर्ट विकतात.

शिष्यांनी मात्र धागा सोडला नाही. जोआंव पेकेनो यांनी १९८२मध्ये याच किल्ल्यात गुरूंची संस्था पुन्हा उभी केली आणि २०११मध्ये जाईपर्यंत चालवली. दुसरे, जोआंव ग्रांदे, कापोएरा सोडून पेट्रोल पंपावर काम करत होते. त्यांना आग्रहाने परत आणलं गेलं आणि १९९०मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली.

तुम्ही गेलात तर रोद्याची वेळ किल्ल्याच्या दारातच विचारा. फोटो विचारून काढा, मध्येच उठून जाऊ नका. आणि गाण्याच्या कोरसला सगळ्यांना ओढतात, तेव्हा गळ्याची तयारी ठेवा.