तीन आकडे

इअरबड्सच्या डबीचे झाकण उघडताच फोनवर तीन आकडे उमटतात: डाव्याचा चार्ज, उजव्याचा आणि डबीचा. माझ्या लिनक्स संगणकावर मात्र, आवाज स्वच्छ येत असूनही, एकच आकडा दिसे, आणि तोही दहाच्या पटीत. ब्लूटूथच्या हँड्स-फ्री प्रोफाइलमध्ये, म्हणजे कॉलसाठी ठरलेल्या सामाईक नियमांत, सोय आहे ती एकाच बॅटरीची. बाकीचे सारे इअरबड्स कंपनीच्या खासगी बोलीत सांगतात आणि ती बोली फक्त फोनवरच्या अधिकृत अ‍ॅपला कळते.

ही बोली उलगडणाऱ्यांच्या चिकाटीचे मला फार कौतुक वाटते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ब्लूटूथची सगळी देवाणघेवाण नोंदवून ठेवण्याची सोय असते. ती चालू करायची, अ‍ॅपमधले नॉइज कॅन्सलेशनचे बटण दाबायचे, पुन्हा दाबायचे, आणि बाइट्सच्या लांबलचक रांगेत नेमका कोणता बाइट ०१चा ०२ झाला ते शोधत बसायचे. अशा शोधांतून उभ्या राहिलेल्या, ही बोली संगणकावर समजणाऱ्या एका प्रोग्रॅमचा सोर्स कोड मी उतरवून घेतला आणि त्यापासून प्रोग्रॅम बांधण्याची तयारी करणारे सीमेक चालवले, तर क्यूटी (खिडक्या-बटणे काढून देणारी लायब्ररी) सापडत नाही म्हणून ते पहिल्याच पायरीवर अडले. क्यूटी संगणकावर होते. नव्हत्या त्या फक्त प्रोग्रॅम बांधताना लागणाऱ्या हेडर आणि इतर फायली, ज्या डेबियनमध्ये, म्हणजे माझ्या लिनक्सच्या प्रकारात, नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. हा धडा मी दरवेळी नव्याने शिकतो. पॅकेज बसवल्यावर पुढचे कंपायलेशन, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणे, बिनतक्रार पार पडले.

प्रोग्रॅम सुरू केला, पण पडद्यावर काहीच आले नाही. मी तो पुन्हा सुरू केला, मग आणखी एकदा, आणि टर्मिनलवर जोडणी नाकारल्याचे संदेश वाचून इअरबड्सनाच दोष देऊ लागलो. वस्तुतः पहिलीच प्रत निमूटपणे काम करत होती आणि इअरबड्सशी असलेली जोडणी तिनेच धरून ठेवली होती. माझ्या लिनक्सचा ग्नोम हा डेस्कटॉप एक्स्टेन्शनशिवाय, म्हणजे वेगळी जोड बसवल्याशिवाय, ट्रेमधली (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची) चिन्हे दाखवत नाही, एवढेच. एक्स्टेन्शन बसवले, जादा प्रती बंद केल्या, आणि लॉगिन होताच प्रोग्रॅम सुरू व्हावा म्हणून त्याची डेस्कटॉप फाइल ऑटोस्टार्टच्या फोल्डरमध्ये टाकली.

अखेर चिन्हावर क्लिक केल्यावर डावा ९० आणि उजवा ६० दिसला, कारण कॉलवर मी नेहमी एकटा उजवाच वापरतो. डबीचा रकाना रिकामा होता. उजवा कानातून काढून डबीत ठेवला, तेव्हा तिथे ४५ उमटले.