मंदीत विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा कुठे अडतो

6 मार्च 2020 ला महाराष्ट्र राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. करोनामुळे 14 मार्चला अधिवेशन गुंडाळलं गेलं आणि 4 मे रोजी वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला: विकासकामांना मंजूर तरतुदीच्या फक्त 33 टक्के निधी, नव्या योजना आणि नवी बांधकामं बंद, आरोग्याशी संबंधित विभाग सोडून नोकरभरतीही बंद. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की सभागृहाने मंजूर केलेली रक्कम वित्त विभाग परस्पर कशी कापतो?

कापू शकतो. विनियोजन कायदा, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायला सभागृह देतं ती मंजुरी, खर्चाची कमाल मर्यादा ठरवतो. एखाद्या योजनेला 100 कोटी मंजूर झाले याचा अर्थ त्याहून जास्त खर्च करायचा नाही, एवढाच. 33 कोटी दिले तरी कायदा मोडत नाही. मंदीतली बहुतेक निराशा इथूनच सुरू होते, कारण बातमी तरतुदीची येते आणि खर्च होतो तो वितरित निधीतून, म्हणजे वित्त विभाग प्रत्यक्षात सोडतो त्या पैशातून.

राज्याचे हात बांधलेले असतात हेही खरं. वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, इंधनावरचा व्हॅट, वाहन कर हे सगळं एकदमच आटतं. नोटा छापता येत नाहीत. केंद्राचं जुनं देणं बाकी असेल तर संविधानाच्या अनुच्छेद 293 प्रमाणे नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही. मग कात्री लागते ती रस्ते, शाळाखोल्या, शिष्यवृत्त्या यांनाच.

करसवलत हा सोपा मार्ग. 1 सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत 3 टक्क्यांनी, पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी कमी केलं गेलं. यासाठी नवा कायदा लागला नाही, मुद्रांक अधिनियमाच्या कलम 9 खाली सरकारला तो अधिकार आधीच आहे. घरांचे व्यवहार वाढले, पण ज्याचं काम सुटलं होतं त्याच्या हातात यातून थेट काही पडलं नाही.

या उलट उदाहरण आपल्याच विधिमंडळाचं आहे. 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग, खडीफोडीची कामं निघाली आणि मे 1973 मध्ये त्यांवर जवळपास 50 लाख मजूर होते. दुष्काळ सरला की अशी कामं बंद होतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना याच्या पुढची होती: कामाला हक्काचं रूप द्यायचं आणि त्यासाठी वेगळा पैसा राखायचा. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा आला आणि 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. (संविधानाने या कराला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे 2,200 होतात, उरलेले 300 फेब्रुवारीत.) या कराइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ते गणित.

कायद्यात काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि नवं काम काढायला साधारण 50 मजुरांची मागणी अशी रचना होती. ती बिघडली कुठे, हे पाहण्यासारखं आहे. 1988 मध्ये मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणली गेली, दर जवळपास दुप्पट झाले, पण खर्च त्या प्रमाणात वाढवला गेला नाही. मग कामं कमी निघू लागली. कुणाला लेखी ‘नाही’ म्हटलं गेलं नाही, काम उघडायचंच नाही म्हटल्यावर नकाराची गरजच उरत नाही. म्हणून मागणी तोंडी कधीच करू नये. लेखी अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. 15 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात आणि पोच नसेल तर भत्त्याचा दावाच उभा राहत नाही. दुसरी अडचण मोजमापाची. मजुरी मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) हजेरीने ठरते असं मजुरांना वाटतं, पण ती मोजमाप पुस्तिकेत किती घनमीटर खोदकाम नोंदलं गेलं यावर ठरते. अभियंता आठवडाभर उशिरा आला की मजुरीही तितकीच लांबते.

या कायद्याची आणखी एक उणीव 2020 मध्ये उघडी पडली. हमी मुख्यतः ग्रामीण भागापुरती, आणि कर भरणारे बरेचसे शहरात. शहरात काम गेलं तर मागायला असा कुठला हक्कच नाही. तिथे मदत येते ती कामगारांच्या कल्याणकारी मंडळांसारख्या नोंदणीच्या यादीतून. एप्रिल 2021 च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1,500 रुपये जाहीर केले. ‘नोंदणीकृत’, ‘अधिकृत’, ‘परवानाधारक’ या तीन शब्दांत किती जण गळाले असतील याचा अंदाज कुठल्याही मजूर नाक्यावर उभं राहिलं की येतो. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि आधीच्या वर्षात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंदीत तो मिळवणं फार कठीण, कारण ठेकेदार गायब आणि कार्यालयं बंद. नोंदणी काम सुरू असतानाच करून घ्यावी, आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. जुनी नोंदणी असूनही नूतनीकरण राहिलं म्हणून पैसे न मिळण्याचे प्रकार होतात.

सभागृहाकडे लक्ष ठेवायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच सभागृहाकडे मागितलेल्या जादा खर्चाची, पुस्तिका वाचावी. मंदीतले खरे निर्णय तिथे दिसतात. एखाद्या मागणीसमोर फक्त 1,000 रुपये दिसले तर ती लाक्षणिक मागणी असते: योजनेला सभागृहाची संमती घेतली आहे, पैसा दुसऱ्या शीर्षातल्या (खर्चाच्या दुसऱ्या खात्यातल्या) बचतीतून वळवायचा आहे. बचत झालीच नाही तर योजना कागदावरच राहते. त्यानंतर बीम्स या अर्थसंकल्प वितरण प्रणालीच्या संकेतस्थळावर त्या विभागाची तरतूद आणि प्रत्यक्ष वितरित निधी शेजारी ठेवून पाहावा. फेब्रुवारीपर्यंत वितरण अगदीच कमी असेल, तर उरलेला पैसा 31 मार्चच्या आत घाईघाईने काढून कुठल्या तरी खात्यात ठेवला जाण्याची किंवा सरळ व्यपगत होण्याची, म्हणजे न वापरल्याने मंजुरीच संपण्याची, शक्यता जास्त.

हे आकडे हाती असले की आमदाराला पत्र लिहिताना ‘गरिबांना मदत करा’ असं लिहू नये. मागणी क्रमांक, लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्याखाली नोंदला जातो त्याचा क्रमांक), तरतूद, वितरण आणि तारीख लिहावी. त्यातून तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) तयार करणं आमदाराच्या स्वीय सहायकाला सोपं जातं. करोनाकाळातल्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांसारखं कामकाज दोन दिवसांत उरकलं, तर प्रश्नाला जागा मिळणं कठीण. अशा वेळी समित्यांकडे वळावं. रोजगार हमी योजनेसाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे, ती जिल्ह्यात येऊन कामांची पाहणी करते आणि अधिकाऱ्यांची साक्षही घेते. तिचा दौरा जाहीर झाला की पोचपावत्यांच्या प्रतींसह निवेदन आधीच पोचतं करावं. समिती आल्यावर दिलेलं निवेदन बहुतेक वेळा हारतुऱ्यांबरोबर गाडीत जातं.