भरतीचं वेळापत्रक

पक्षी पाहायचे तर उजाडायच्या आत उठा, हा सल्ला जंगलापुरता ठीक आहे. समुद्रकाठच्या राखीव क्षेत्रात तो पाळून पहाटे पोहोचावं आणि नेमकी ओहोटी असावी, तर समोर नजर पोचेल तिथवर चिखल आणि त्याच्या पार टोकाला वळवळणारे ठिपके. दुर्बिणीतून ते ठिपके जरा मोठे दिसतात, एवढंच. इथला कारभार चंद्राच्या हाती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघण्याआधी घड्याळाच्या गजरापेक्षा भरतीचं कोष्टक पाहावं.

भरती पुरी व्हायच्या दोनेक तास आधी जाऊन बसलं की पाणी चिखल गिळत येतं आणि पक्षी आपसूक किनाऱ्याकडे सरकू लागतात. त्यांना जवळ आणायचं काम समुद्र करतो. आपल्याकडे काम एकच, न हलण्याचं. तेच अनेकांना जमत नाही.

नवख्याला हे सगळे पक्षी सारखेच करडे-तपकिरी दिसतात. विणीचा हंगाम सरला की बहुतेकांचे रंग उतरलेले असतात, आणि पुस्तकातलं देखणं चित्र बहुधा विणीच्या पिसाऱ्यातलं. म्हणून सुरुवातीला नावांच्या मागे लागूच नये, जेवण कसं चाललंय ते पाहावं. चिखल्याची चोच आखूड, डोळे टपोरे. चार पावलं धावतो, थबकतो, रोखून बघतो, टोचतो, पुन्हा धावतो. टिलवे मान वर न करता टोचत टोचत पुढे जातात. गॉडविट तर लांब चोच पार बुडापर्यंत खुपसतो. चिखलात असतानाच त्याला चोचीचं फक्त टोक चिमट्यासारखं उघडता येतं, बाकीची चोच मिटलेलीच. नॉट नावाच्या गुटगुटीत पक्ष्याची तऱ्हा आणखी अजब. ओल्या वाळूत चोच खुपसली की पाण्याचा दाब बदलतो, आणि जवळपास एखादा शिंपला असेल तर त्या दाबातला फरक चोचीच्या टोकाला कळतो, असं डच संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलं. शिंपल्याला स्पर्शही न करता! मग तो शिंपला अख्खा गिळून पोटात चिरडला जातो.

भरती पुरी झाली की जेवण बंद. सगळा थवा उरल्यासुरल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभा राहतो, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. पाहणाऱ्याला इथेच कंटाळा येतो. मग कुणीतरी टाळी वाजवतो, कुणी ड्रोन सोडतो. थवा उडतानाचा फोटो हवा असतो ना! पण ही विश्रांती हिशेबाची असते. पुढची ओहोटी होईपर्यंत खायला मिळणार नाही, आणि उडण्यात जळते ती स्थलांतराच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी. प्रवास तरी केवढा? २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचं एक गॉडविट अलास्काहून निघालं ते ११ दिवसांनी थेट तास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. अशा उड्डाणाआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि त्यांची आतडी-जठर आक्रसतात, वजन वाचावं म्हणून. त्यामुळे दोर, पाट्या, ‘पुढे जाऊ नये’ वगैरे बंधनं मला कधीच जाचक वाटली नाहीत. उलट दोर आणखी चार पावलं अलीकडे असता तरी चाललं असतं. झोपलेल्या थव्यातल्या माना एकेक करून वर येऊ लागल्या, की आपण जास्तच जवळ गेलोय असं समजावं आणि मागे फिरावं.

कुरव म्हणजे सीगल पक्ष्यांबद्दल मी इथे मुद्दाम काही लिहिलेलं नाही. मोठ्या जातींच्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला चार-चार वर्षं लागतात, आणि दरवर्षी त्यांचं रूप बदलतं. त्यावर तावातावाने वाद घालणारी मंडळी निराळीच. ती पक्षिनिरीक्षणाच्या मनोऱ्याच्या एका टोकाला बसली असली, तर मी दुसऱ्या टोकाला जागा धरतो.